मशीन एकीकडे, खिळे एकीकडे

छत्तीस वर्षांत लक्ष्मम्मानं गुरम्माचा उंबरा ओलांडला नव्हता. दोघी जावा, एकाच घराच्या दोन भागांत राहणाऱ्या. मधली भिंत वाटणीच्या वेळी घाईघाईत घातलेली, एका विटेची. इकडं फोडणी पडली की तिकडं ठसका लागायचा. पण येणंजाणं नाही, बोलणं नाही. बोलायचंच झालं तर आपापल्या अंगणात उभं राहून मांजराला बोलायचं. मांजर बिचारं ऐकून घ्यायचं, आणि बोलणं जिथं पोचायचं तिथं पोचायचं.

अशी ही लक्ष्मम्मा चैत्रातल्या एका सकाळी पदर सावरत दारात येऊन उभी राहिली. गुरम्मा ज्वारी निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“बस म्हनशील का उभ्यानंच बोलू?”

“बसा की अक्का. वाटनीत आलेली भुई हाय, चावनार न्हाई.”

लक्ष्मम्मा बसली. कपाळावरचं विभूतीचं बोट घामानं पुसट झालं होतं. आधी तिनं घर बघून घेतलं. छत्तीस वर्षांचं बघायचं राहिलेलं, त्याला वेळ लागणारच.

“शिवकन्याचं लगीन ठरलं.”

“ऐकलंय.”

“पोरगा लातूरचा हाय. इंजिनेर हाय.”

“तेबी ऐकलंय. मांजराला तीनदा सांगितलं तुमी.”

लक्ष्मम्माला हसू येऊ लागलं होतं, ते तिनं गिळलं. शिवकन्या तिची एकुलती एक नात, रुद्रेशची लेक. लग्न तोंडावर आलेलं आणि पत्रिका अडलेली.

कशी अडली ते सांगायला पाहिजे. या घराचा छापखाना. सासरे गुंडप्पा यांनी उदगीरच्या बाजारात, घराच्याच पुढच्या भागात तो घातला तेव्हाच एक रीत घालून दिली: घरातल्या लग्नाची पहिली पत्रिका मठात गुरूंच्या पायाशी जाते, ती घरच्या खिळ्यांनी जुळवायची आणि घरच्या मशीनवर छापायची. बाकीच्या पत्रिका कुठंही छापा, सोनेरी छापा, वास मारा, गणपती-नंदी काय पाहिजे ते चिकटवा. मठातली मात्र घरची. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, पान लोखंडी चौकटीत आवळायचं आणि मशीनवर चढवायचं. आताच्या पोरांना हे सांगितलं तर ती दया आल्यासारखं बघतात.

मशीन होतं लक्ष्मम्माच्या घरात. खिळे होते गुरम्माच्या पलंगाखाली.

“मग?” गुरम्मानं विचारलं.

“मग काय? चार दिस खिळे दे.”

“तुमचे हुते की. वाटनीनंतर हैदराबादहून आनलेले नवे.”

“कंपुटर आलं तवा भंगारात घातले न्हवं का. तुला ठाव न्हाई का?”

“ठाव हाय. तुमच्या तोंडानं ऐकायचं हुतं. कुनी पाठीवलं तुमाला?”

“कोन पाठीवतंय? मीच आले.”

“अक्का, तरनेपनी तुमी यापेक्षा बरं खोटं बोलत हुता.”

लक्ष्मम्माचा पारा चढला. “मागायला आलेल्याला बोलून घेतीस, घे बाई. आमच्याकडचे म्हनतच हुते, तिच्यापशी जाऊ नका, ती शिसं इतळवून पिईल पन देनार न्हाई.”

“असं म्हनले? बरुबर वळखतेत मला.” गुरम्मानं सुपातला एक खडा काढून दाराबाहेर टाकला. “सांगा त्यास्नी. ज्याला खिळे पायजेत त्यानं यावं.”

आमच्याकडचे म्हणजे मन्मथअप्पा. गुरम्माचे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ. वय ब्याऐंशी. त्यांनी आजवर गुरम्माचं नाव घेतलं नव्हतं. भायानं धाकट्या भावजयीचं नाव घेऊ नये ही जुनी रीत, ते एक वेळ चाललं असतं. पण मन्मथअप्पांनी तिच्या नावाच्या जागी जे जे घातलं ते रीतीत बसणारं नव्हतं. ‘अमरच्या घरातली’, मग ‘ती कानडी’, मग नुसतंच ‘ती’.

गुरम्मा कानडी मुलखातलीच. औरादच्या पलीकडच्या खेड्यातली, तिसरीपर्यंत कानडी शाळा शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. छापखान्याच्या घरात निरक्षर सून! सासूनं तिला काम दिलं धुण्याचं. छापून झालेले खिळे शाईनं माखलेले असायचे, ते रॉकेलनं धुवायचे आणि पुसून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. लाकडी पेटीला शंभरावर खण. कुठला खिळा कुठल्या खणात हे कुणी सांगितलं नाही. चुकलं की मन्मथअप्पा पट्टी आपटायचे, काय चुकलं ते तिचं तिनं ओळखायचं. अशानं तिला मराठी अक्षरं कळली. शिशाची, म्हणजे उलटी. आरशातली म्हणा. त्यामुळं आजही सुलटं वाचताना ती मान जरा वाकडी करते. बँकेतला पोरगा तिला एकदा म्हणाला, आजी, मानेचं दुखणं आहे का? ती म्हणाली, हाव बाबा, सासरहून आलंय.

धुता धुता ती जुळवायला कधी लागली ते सांगता येत नाही. पण उघडकीला आलं ते एका लग्नसराईत. मन्मथअप्पांना ताप. रेणापूरच्या एका पाटलांची पत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायची. भावकी एवढी की निमंत्रकांचीच अडतीस नावं, आणि नावं वरखाली झाली तर लग्नात काठ्या निघणार. अमरनाथ, तिचा नवरा, मशीनवरचा माणूस. त्याचा पाय मशीनवर असा पडायचा की मशीन पोटातल्या पोटात गाणं म्हणायचं, पण खिळ्यात त्याची बोटं अडखळायची. दुपारी सासू कलंडल्यावर गुरम्मा मागच्या खोलीत पेटीसमोर बसली आणि दिवेलागणीच्या आत तिनं अख्खी पत्रिका उभी केली.

सकाळी पाटील आले. त्यांनी पत्रिका वरून खाली वाचली, खालून वर वाचली. “अप्पा, काय साफ हात हाय तुमचा!”

मन्मथअप्पा पांघरूण घेऊन बसलेले. ते म्हणाले, “हं.”

त्या एका ‘हं’वर पुढची अकरा वर्षं गेली. मागच्या खोलीत गुरम्मा जुळवायची, गिऱ्हाईक आलं की दार ओढून घ्यायची, आणि पुढं मन्मथअप्पा ‘हं’ म्हणायचे. पतपेढीचे अहवाल, मठाची भजनं, निवडणुकीची पत्रकं, शिरूर अनंतपाळच्या शाळेची प्रश्नपत्रिका. पुस्तिका असली की शेवटच्या पानावर तळाशी बारीक ओळ असायची, ‘जुळणी: मन्मथ गुंडप्पा’. ती ओळही गुरम्माच जुळवायची. स्वतःच्या हातानं दुसऱ्याचं नाव. एकदा तिनं नवऱ्याला म्हटलं, एका तरी कागदाच्या बुडाला माझं टाका. अमरनाथ गरीब. तो भावाकडं बघून आला आणि म्हणाला, “पुढल्या टायमाला बघू.”

पुढल्या टायमाला सासरे गेले, सासू गेली, आणि भाऊ वाटणीला बसले.

वाटणीचा आपल्याकडचा कायदा सरळ आहे. वाटे थोरल्यानं करायचे, उचलायचा धाकट्यानं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. मन्मथअप्पांना करायची होती. घर, भांडी, शेत हे सगळं त्यांनी गपगुमान निम्मं निम्मं केलं. छापखान्यापाशी आले आणि दोन वाटे सांगितले: मशीन एकीकडे, खिळे एकीकडे.

पंचांना हसूच आलं. “अप्पा, बैल एकाला आन् नांगर दुसऱ्याला, हे कुठं असतंय का?”

“वाटे मी केलेत. उचल म्हनावं.”

हिशेब त्यांचा पक्का होता. अमरनाथ मशीनवाला, तो मशीनच उचलणार. खिळ्यांशिवाय मशीन म्हणजे नुसतं लोखंड. मग तो महिन्याभरात परत येणार आणि भावाच्या हाताखाली उभा राहणार. आणि झालंही तसंच असतं. अमरनाथ उठला, मशीनकडं निघाला, हातही टेकवला. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

“खिळे उचला.”

पंच चमकले. त्या दाराआडून अकरा वर्षांत कुणी खोकल्याचा आवाज ऐकला नव्हता.

“मशीन बाजारात चार जनांची हायती. खिळे उचला म्हनते मी.”

अमरनाथनं मशीनवरचा हात काढला. आयुष्यात बायकोचं ऐकून त्यानं केलेली ही पहिली गोष्ट, आणि दुसरी करायची त्याला कधी गरज पडली नाही.

मन्मथअप्पांनी खिळे दिले. पण कसे? खणांच्या पेट्या ठेवून घेतल्या, कारण पेट्यांचं वाटणीत बोलणं झालं नव्हतं, आणि सगळे खिळे दोन पोत्यांत ओतून दिले. मोठे, बारके, काना, मात्रा, सगळं एकत्र. ज्वारीत बाजरी, बाजरीत राळं, आणि वर मूठभर वाळू. पोती उंबऱ्याबाहेर ठेवून ते म्हणाले, “ने म्हनावं तिला. निवडत बस म्हनावं जल्मभर.”

चार महिने लागले. अमरनाथनं फळ्या आणून खण ठोकले आणि गुरम्मानं निवडलं. जुनी मांडणी तिनं ठेवली नाही. तिच्या हाताला जे जवळ ते जवळ, जे क्वचित लागतं ते लांब. डाळ-मिठाच्या डब्यांसारखं.

मग सुरू झालं डोक्यावरचं काम. घरी जुळवायचं, चौकटीत आवळायचं, चुंबळ करून चौकट डोक्यावर घ्यायची आणि बाजारातून चालत बसवराजच्या छापखान्यात न्यायची. बसवराज भला माणूस, मशीन भाड्यानं द्यायचा. शिशाची चौकट म्हणजे दोन घागरींचं ओझं, आणि घागर हिंदकळली तर पाणी सांडतं, ही हिंदकळली तर गाव सांडायचं. रस्ता मन्मथअप्पांच्या पायरीवरून. एका श्रावणात पायरीवर साबणाचं पाणी होतं. लक्ष्मम्मा म्हणते, सोमवारची पायरी धुतली होती. असेल. गुरम्माचा पाय गेला, चौकट पडली, आणि जळकोटच्या एका लग्नाचं सगळं गोत भर बाजारात चिखलात पसरलं. ती बसून एकेक खिळा वेचू लागली. माणसं उभी राहून बघू लागली. मन्मथअप्पा पायरीवर उभे होते. ते कुणाकडंच न बघता म्हणाले,

“बायकांच्या डोक्यावर घागर शोभती.”

गुरम्मानं वर बघितलं नाही. वेचून झालं, पदरात घेतलं, घरी आली, धुतलं, परत जुळवलं आणि संध्याकाळच्या आत पत्रिका दिली. पण त्या दिवसापासून तिनं मन्मथअप्पांना एक शब्द टाकला नाही, मांजराच्या मार्फतसुद्धा.

बाकीचं सगळ्यांच्याच घरी झालं तसं. कंपुटर आलं, हाताचं काम गेलं. अमरनाथ लिंगैक्य झाला, गुरम्मा एकटी राहिली. लेक पुनम लातूरला दिलेली, ती येते आणि दर वेळी म्हणते, “अव्वा, पलंगाखालचं ते भंगार काढ, विंचू निघंल.” गुरम्मा म्हणते, निघू दे, सोबत होईल.

लक्ष्मम्मा येऊन गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी रुद्रेश आला. वयानं पन्नाशीचा, पण काकूसमोर चप्पल काढताना अजून गडबडतो. जुन्या छापखान्यात त्याचं आता फ्लेक्सचं दुकान आहे. गावात कुणाचाही वाढदिवस असला की चौकात त्याचं काम दिसतं, माणूस गोरा करून. जुनं मशीन कोपऱ्यात कापडाखाली.

“काकू, अप्पा हट्टाला पेटलेत. मी म्हनलो, मठात रंगीत पत्रिका देऊ, गुरू काय तपासून बघतेत का. तर ताट ढकलून दिलं. म्हनाले, रीत मोडली तर मी मांडवात येनार न्हाई.”

“मग येऊ देऊ नकोस.”

“काकू…”

“खिळे देत न्हाई मी,” गुरम्मा म्हणाली. रुद्रेशचं तोंड उतरलं तशी ती पुढं म्हणाली, “माझे खिळे मीच जुळवनार. मागच्या खोलीत न्हाई, पुढं, रस्त्याच्या तोंडावर. आन् पत्रिकेच्या बुडाला वळ पडंल, ‘जुळणी: गुरम्मा अमरनाथ’. नात्यातल्या नावात माझं घालू नका, ते तुमचं तुमच्यापशी ठिवा. मला कामाचं पायजे.”

“एवढंच?”

“एवढंच. इचारून ये तुझ्या बापाला, एवढंच हाय का ते.”

रुद्रेश गेला आणि अर्ध्या तासात आला. “हं म्हनाले.”

त्या ‘हं’ची तिला चांगली ओळख होती. तरी तिनं पलंगाखालून खण ओढले.

बुधवारी ती जुन्या छापखान्यात पुढं बसली. रुद्रेशनं टेबल सरकवून दिलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघू लागली, कुणी मोबाईलवर फोटो काढला. मागं खुर्चीत मन्मथअप्पा. काठी दोन गुडघ्यांत, डोळ्याला जाड भिंग. छत्तीस वर्षांनी दोघं भिंतीच्या एकाच बाजूला. बोलायचं तर होतं, म्हणून मधे रुद्रेशला उभा केला.

“रुद्रेश, सांग तिला. नवरदेवाच्या नावावर जागा जास्त सोडलीय.”

“रुद्रेश, सांग त्यास्नी. नवरदेव अंगानं मोठा हाय, लागतीय जागा.”

“सांग तिला, आमच्या वेळी असं न्हवतं.”

“सांग त्यास्नी, त्यांच्या वेळी पन मीच करत हुते.”

रुद्रेशचा फोन वाजला. दोघांनीही त्याच्याकडं बघितलं आणि तो बाहेर पळाला तो परत आला नाही. मग संध्याकाळपर्यंत नुसता खिळ्यांचा आवाज, टक, टक, आणि अधूनमधून काठीचा. तळाची ओळ गुरम्मानं सगळ्यात शेवटी जुळवली. खिळा उचलताना अक्षर पुटपुटायची सवय असते जुन्या माणसांना. ती स्वतःचं नाव पुटपुटली, तिलाच लाजल्यासारखं झालं. चौकट आवळून, खणांसकट तिथंच ठेवून ती घरी आली. छापायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि दुपारी पत्रिका मठात. गुरुवार, मुहूर्त धरलेला.

सकाळी ती गेली तेव्हा मशीनवरचं कापड निघालं होतं, तेल घातलेलं होतं. रुद्रेश शाई लावत होता. लक्ष्मम्मा हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. गुरम्मानं चौकटीवर नजर फिरवली. ती चौकट वाचायला तिला मान वाकडी करावी लागत नाही. वरपासून वाचत आली. बुडाला आली. बुडाला काहीच नव्हतं. ओळ होती तिथं कोऱ्या पट्ट्या भरल्या होत्या, नीट, घट्ट. जुन्या हाताचं काम.

“वळ कुठं गेली, रुद्रेश?”

रुद्रेश शाईच्या डब्यात बघू लागला.

“त्याला काय इचारतीस?” खुर्चीतून आवाज आला. छत्तीस वर्षांनी सरळ तिला. “मठात जायची पत्रिका हाय. कामगाराची नावं नसतेत त्यात.”

“तुमचं असायचं.”

“छापखाना माझा हुता.”

“हात माझा हुता.”

“हात!” मन्मथअप्पांनी काठी आपटली. “तुझ्या हातानं माझा भाऊ तोडला. वाटे मी तसे कामून केलते, म्हाईत हाय का तुला? मशीन घेऊन अमर माझ्यापशीच येनार हुता. दोघं संगं राहनार हुतो. तू आडून वरडलीस, आन् तो गेला.”

“पशी न्हाई. पायापशी.” गुरम्मानं पदर खोचला. “तुमाला भाऊ नको हुता, पाय पायजे हुता मशीनवर. आन् हात पायजे हुता मागच्या खोलीत. बिनानावाचा.”

“तोंड सांभाळ.”

“लई वर्सं सांभाळलं.”

तिनं चौकटीच्या पाचरी ठोकून ढिल्या केल्या. पहिली ओळ उचलली. निमंत्रक, मन्मथ गुंडप्पा. बोटांत धरून ती एकेक खिळा खणात टाकू लागली. टक. टक. घाई नाही, राग नाही, तांदूळ निवडावेत तसं. त्यांचं नाव संपलं, तिनं दुसरी ओळ घेतली.

“अगं बये, काय करायलीस?” लक्ष्मम्माचं ताट हिंदकळलं. “दुपारी मठात जायचंय! गुरू वाट बगतेत! पोरीच्या लग्नात इघ्न आनतीस का गं?”

“मी कशाला आनू? माझं हाय ते मी माझ्या घरात ठिवायले.”

“काकू, मी पाया पडतो,” रुद्रेश म्हणाला.

“माझ्या नको. इकडं पड, सवय हाय त्यास्नी.”

तिसरी ओळ गेली. नवरीच्या आईचं नाव गेलं. चौथी घेताना मात्र तिचा हात थांबला. त्यात शिवकन्या होती. पोरगी रोज कॉलेजला जाताना आजोबांची नजर चुकवून ‘धाकटी अज्जी, येते गं’ म्हणायची. गुरम्मानं ती ओळ तशीच खाली ठेवली आणि पाचवी उचलली.

“थांब,” मन्मथअप्पा म्हणाले.

ती थांबली नाही.

“थांब म्हनतो ना!”

ते उठले. काठी मशीनला टेकवून ठेवली, टेबलापाशी आले आणि लोखंडी पट्टी हातात घेतली, जिच्यात खिळे जुळवतात ती. डावीकडच्या वरच्या खणात त्यांनी बोटं घातली. निघाला तो ‘ढ’. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन बघितला, परत टाकला. शेजारच्या खणात बघितलं. तिथं पूर्णविराम.

“ग कुठं ठिवलास?”

गुरम्मानं हातातली ओळ खाली ठेवली.

“मी इचारतोय. ग कुठं हाय?”

“हुडका,” ती म्हणाली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. “मी हुडकला तवा मला कुनी सांगितलं न्हवतं.”

रुद्रेश पुढं झाला. “अप्पा, मी बघतो…”

“तू बाजूला हो,” दोघंही एकदम म्हणाले.

ब्याऐंशी वर्षांचा माणूस शंभरावर खणांत बोटं घालत उभा राहिला. लक्ष्मम्मानं ताट खाली ठेवलं. रस्त्यावर दोघंतिघं थांबले, गुरम्मानं त्यांना “जावा की, काय तमाशा हाय का” म्हणून हाकललं. तिच्या नावाचं पहिलं अक्षर मिळायला अर्धा तास गेला. मिळालं तसं जुन्या सवयीनं मन्मथअप्पांचे ओठ हलले.

“गु…”

पट्टीवर टक. मग परत शोध.

“…र…”

उंबऱ्याकडं पाठ होती त्यांची. गुरम्मानं मान वळवली नाही, पण हातातला पदराचा कोपरा ती उगाचच पिळू लागली.

“…म्मा.”

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं असावं आपण काय म्हटलं ते, कारण पुढचं अमरनाथचं नाव आणि आधीचं ‘जुळणी’ त्यांनी ओठ घट्ट मिटून जुळवलं. उन्हं पायरीवरून खाली गेली तेव्हा ओळ झाली. मोडलेल्या बाकीच्या ओळी तोवर गुरम्मानं उंबऱ्यावरून उठून परत उभ्या केल्या होत्या, त्यांच्या शेजारी उभं राहून. दोघांचे हात एकदोनदा एकाच खणात गेले, तेव्हा दोघांनीही विस्तव लागल्यासारखे मागं घेतले.

ओळ चौकटीत बसली. गुरम्मा वाकून बघू लागली.

“बारकी अक्षरं घेतली.”

“हाय त्या जागंत तीच बसतेत.”

“वरच्या खनात मोठी हुती.”

“हुती. दिली न्हाई.”

तिनं बोटानं ओळीवर हलकेच दाबून बघितलं. म्मा जरासा हलला.

“आन् ढिल्ली हाय. मशीनवर चढली की उडंल.”

“मग आवळ की. हात तुझा हाय म्हनतीस ना.”

गुरम्मानं हातोडी घेतली आणि पाचर ठोकू लागली. मठातून तिसऱ्यांदा फोन आला. लक्ष्मम्मा रुद्रेशला म्हणाली, “सांग, म्हाताऱ्यांचं झालं की येतो.”